ब्राउझर प्रकरणाची फाईल

बाबांच्या संगणकाचं नेमकं काय बिघडलं होतं, ते मला माहीत होतं. सुरुवातीला नव्हतं. पाचव्या आठवड्यात कळलं, आणि कळल्यावर मी गप्प बसलो. सांगायचं आहे ते खरं तर एवढंच. पण एवढंच सांगायला मला इतकी वर्षं लागली, म्हणजे त्यात आणखीही काही असणार.

आई गेल्यावर बाबा दिल्लीच्या कडेला, इंदिरापुरमच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं काढून ते सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. सरोजिनीनगरचं क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी मिळून उभ्या केलेल्या सोसायटीत त्यांनी हा फ्लॅट घेतला. तेव्हा बाल्कनीतून मोहरीची शेतं दिसायची. नंतर मॉल दिसायला लागला. मी गुडगावला राहायचो. मधे अख्खी दिल्ली आडवी पडलेली. 'एक रविवार सोडून एक रविवार जातो,' असं मी लोकांना सांगायचो. जायचो महिन्यातून एकदा.

माझी नोकरी गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत. सातासमुद्रापलीकडे कुणाचं इंटरनेट बंद पडलं की फोन आमच्याकडे वाजायचा. मी तोवर फोन घेणं सोडून नव्या लोकांना शिकवायला लागलो होतो. पहिल्या दिवशीचा माझा पहिला धडा ठरलेला होता. ग्राहकाला 'तुम्ही काय केलंत?' असं कधीही विचारायचं नाही. 'समोर काय दिसतंय?' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाने माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस खोटं बोलतो, असं मी फळ्यासमोर उभं राहून ऐटीत सांगायचो.

बाबांना संगणक मीच आणून दिला होता. त्याआधी मराठी पेपरासाठी ते आठवड्यातून दोनदा बस बदलत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात जायचे. तिथल्या टेबलावर आदल्या दिवशीचे पेपर पडलेले असत. संगणक आल्यावर सकाळी सातला, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, आजचा पेपर आजच. "पुण्यात पाणी येणार नसलं तर पुणेकरांच्या आधी मला कळतं," असं ते म्हणायचे. निधनवार्ता आधी वाचायचे. कुणी ओळखीचं निघालं की मला फोन. "अरे, ते गेले बरं का, आपल्याकडे एकदा जेवायला आले होते ते." मी म्हणायचो, "हो का." मला कुणीच आठवत नसे.

त्या नोव्हेंबरात एका रविवारी मी गेलो होतो. माझा लॅपटॉप दुरुस्तीला दिलेला. जेवण झालं आणि ऑफिसचा फोन आला, एक अहवाल तातडीने हवा होता. मी बाबांच्या संगणकावर बसलो, ऑफिसशी जोडणी केली, दोन-अडीच तास काम केलं. बाबा मधे चहा ठेवून गेले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी चपला काढल्या होत्या, ते अजून आठवतं. काम संपलं, जोडणी तोडली आणि निघालो.

मंगळवारी त्यांचा फोन आला.

"अरे, पेपर उघडत नाही कालपासून."

"कुठला?"

"कुठलाच नाही. तो निळा ई पण नाही आणि दुसरा, रंगीत गोलवाला, तोही नाही."

"आणि आत्याशी बोलता तो प्रोग्रॅम?"

"तो चालतो, बिल्कुल चालतो. काल तिने तासभर नवे पडदे दाखवले मला."

म्हणजे इंटरनेट घरात येत होतं, फक्त ब्राउझर बाहेर जात नव्हते. नेमक्या या लक्षणावर माझा अर्ध्या दिवसाचा वर्ग असायचा. पलीकडे कुणी परका ग्राहक असता तर चार मिनिटांत मी त्याला योग्य खिडकीपाशी नेलं असतं. बाबांना मी म्हणालो, "तुम्ही काहीतरी दाबलं असेल."

"मी काय दाबणार? चौतीस वर्षांत एक फाईलसुद्धा दाबली नाही."

मी हसलो नाही, घाईत होतो. संगणक बंद करून चालू करा म्हणालो. मग मोडेम बंद करून चालू करा म्हणालो.

"दिवे किती लागलेत?"

"चार. तीन हिरवे. चौथा अजून विचार करतोय."

"उजव्या कोपऱ्यात, खाली, काय दिसतंय?"

"माझं तोंड दिसतंय काचेत. दाढी करायला झालीय."

असे आमचे फोन चार-पाच आठवडे चालले. दर वेळी मी त्यांना सुचेल ते करायला लावायचो. हे पुसा, ते काढा, ते परत घाला. शेवटी काही झालं नाही की म्हणायचो, "आठवून बघा बाबा, तुम्हीच काहीतरी बदललंय." पहिल्या आठवड्यात ते ठामपणे नाही म्हणायचे. दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लागले, "बदललं असेल का?" तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फाईल उघडली.

खरोखरीची फाईल. कपाटातून जुना फाईलबोर्ड काढला, ओवायला हिरवी दोरी, आणि कागदावर क्रमांक टाकून टिप्पण्या. मंत्रालयात अशाच असायच्या. काय घडलं, केव्हा घडलं, आता काय करावं, आणि खाली 'आदेशार्थ सादर'. टिप्पणी अर्ध्या पानाच्या वर गेली की लिहिणारा काहीतरी लपवतोय असं समजावं, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. फोनवर मला टिप्पणीचा क्रमांक सांगायचे. "आजची अकरावी. तू सांगितलंस तसं केलं, फरक नाही." मला त्याची गंमत वाटायची. ऑफिसात मी ती इतरांना सांगितलीसुद्धा.

ती गंमत नव्हती. नागपूरला बाबांचे थोरले भाऊ होते. त्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू ठेवून फिरायला गेले, मग टीव्ही कसा लावायचा ते विसरले, आणि शेवटी काकूला 'तुम्ही कुणाकडे आलात?' असं विचारायला लागले. बाबा ते सगळं बघून आले होते. एका संध्याकाळी त्यांनी फोनवर संगणकाचं काहीच काढलं नाही. म्हणाले,

"एक विचारू? माणसानं एखादी गोष्ट केली आणि केल्याचं त्याला मुळीच आठवत नाही, असं होतं का रे?"

ते काय विचारतायत ते मला कळलं. कॅन्टीनकडे चालता चालता मी म्हणालो, "होतं बाबा. वयानुसार होतं."

"अच्छा," ते म्हणाले. "चलो, ठीक है."

पाचव्या आठवड्यात मी गेलो. दारातच त्यांनी फाईल पुढे केली. "आधी हे वाच." मी ती हातात घेतली, फ्रिजवर ठेवली आणि संगणकापाशी बसलो. सेटिंगची खिडकी उघडली.

तिथे आमच्या ऑफिसचा पत्ता होता. मी टाईप केलेला. त्या रविवारी ऑफिसची पानं दिसावीत म्हणून मी ब्राउझरला सांगून ठेवलं होतं की थेट बाहेर जायचं नाही, आमच्या ऑफिसच्या दारातून जायचं. त्यासाठी एका चौकटीत खूण करावी लागते. जोडणी मी तोडली आणि खूण तशीच राहिली. पाच आठवडे बाबांचे दोन्ही ब्राउझर रोज सकाळी सातला एका बंद दारापर्यंत जात होते आणि परत येत होते.

मी खूण काढली. पेपर उघडला. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"अच्छा! काय होतं?"

"एक खूण पडली होती. चुकून."

"माझ्याकडून?"

मी पडद्याकडेच बघत होतो. म्हणालो, "होतं असं कधी कधी."

मी 'हो' म्हणालो नाही. कित्येक वर्षं मी या एका गोष्टीला धरून बसलो होतो, की मी 'हो' म्हणालो नव्हतो.

का नाही सांगितलं? ते रागावले नसते. उलट हसले असते, खदखदून, आणि आत्याला कळवलं असतं. पण मी सरकारी नोकरीची परीक्षा द्यावी अशी त्यांची इच्छा होती आणि मी दिली नव्हती. माझ्या कामाला ते 'तुझी ती शिफ्ट' म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी खुर्चीत होतो आणि ते मागे उभे राहून 'अच्छा' म्हणत होते. मला त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

त्यांनी फ्रिजवरची फाईल घेतली, जेवणाच्या टेबलाशी बसून काही ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे ठेवली. "वाच आणि सही कर."

'१९. आज चि. यांनी समक्ष तपासणी केली. सेटिंगमध्ये अनावश्यक खूण आढळली. ती निम्नस्वाक्षरीकर्त्याकडून अनवधानाने पडली असावी. यापुढे चि. यांच्या उपस्थितीशिवाय संगणकास हात लावू नये. माहितीस्तव सादर.'

त्याखाली 'पाहिले' लिहून जागा सोडली होती.

"बाबा, घरात कसली सही?"

"पाहिलंस ना? मग पाहिलं म्हणून लिहायला काय जातं?"

मी सही केली.

शब्द पाळणं ही त्यांची सवयच. संगणकावर आईने भरलेलं टेबलक्लॉथ पडलं आणि तसंच राहिलं. मी महिन्याने जायचो तेव्हा ते पंधरा मिनिटं पेपर बघायचे, माझ्या समोर, एका बोटाने, आणि उठायचे. बसने कोपर्निकस मार्गाला जाणं पुन्हा सुरू झालं.

दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं बस करून पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी काला अंबला जातात. त्या बसची यादी वर्षानुवर्षं बाबांकडे असायची. कोण कुठे चढणार, पहाडगंजच्या मराठी शाळेपाशी किती जण उभे असणार, कुणाला गाडी लागते म्हणून खिडकी द्यायची, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या जानेवारीत फोनवर म्हणाले, "यंदा यादी दुसऱ्याला देऊन टाकली. उगाच कुणाला तरी पहाडगंजला विसरून गाडी पुढे जायची."

अजूनही सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "बरं केलंत. दगदग कशाला?"

त्या वर्षी ते स्वतःही गेले नाहीत, आणि नंतरही नाहीत.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. त्यांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत होती, हे मला लिहिलंच पाहिजे. हॉस्पिटलात त्यांनी डॉक्टरांना गोळ्यांची नावं क्रमाने सांगितली. ते काही विसरत नव्हते. त्यांनी फक्त स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं होतं. कुलूप लावून लिफ्टने खाली यायचे, परत वर जाऊन ओढून बघायचे. शेजारी मला कौतुकाने म्हणाले होते, "अंकलजी बहुत सावधान आदमी हैं." गॅसपाशी, गीझरपाशी, दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. संगणक झाकल्यापासून आत्याशी बोलायचा प्रोग्रॅमही बंद होता, पुढे आत्याही गेली. मग त्या घरात दिवसभरात कुणाशीच बोलणं होत नसणार. माझा फोन रविवारी असायचा.

फ्लॅट रिकामा करताना फाईल सापडली. ती मी तेव्हा पहिल्यांदा पहिल्यापासून वाचली. भिंतीला टेकून, जमिनीवर बसून.

'१. रविवारी सकाळी संगणक व्यवस्थित चालू. पेपर वाचला.
२. दुपारी चि. आले. कार्यालयीन कामासाठी संगणकावर बसले. वेळ ३ ते ५.३०.
३. सोमवारी सकाळी दोन्ही ब्राउझर बंद. मधल्या काळात निम्नस्वाक्षरीकर्त्याने संगणक सुरू केलेला नाही.'

सगळं तिथे होतं, क्रमाने. दारात त्यांनी 'आधी हे वाच' म्हटलं होतं आणि मी ते फ्रिजवर ठेवलं होतं.

आयुष्यभर टिप्पण्या लिहिलेल्या माणसाला या तीन ओळींतून काय निघतं ते कळलं नसेल का? कळलं असेल तर एकोणिसावी टिप्पणी त्यांनी मला सांभाळून घ्यायला लिहिली. मग ते कुलूप का ओढून बघत होते? मला वाटतं, त्यांना शंका आली होती. ती माझ्यावर घेण्यापेक्षा त्यांनी स्वतःवर घेतली, आणि मी गप्प बसल्यामुळे हळूहळू तीच खरी मानली. हा माझा अंदाज. विचारायला आता कुणी नाही.

एकोणिसाव्या टिप्पणीखाली, माझ्या सहीच्या खाली, अर्धं पान कोरं आहे. तिथे विसावी लिहावी म्हणून मी बऱ्याचदा बसलो. दर वेळी लांबत गेलं, आताही लांबलंच आहे, आणि लांबलेल्या टिप्पणीबद्दल बाबांचं मत मी वर लिहिलंय. म्हणून आज त्या कोऱ्या जागेत एवढंच लिहिलं:

'२०. खूण माझ्याकडून पडली होती. सही करताना मला ते माहीत होतं.'

खाली 'पाहिले' लिहिलं, आणि जागा सोडली.