मोरीत ऊन पाणी ओतण्यापूर्वी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण ते हाती आलेलं छापील काहीही वाचायच्या सवयीमुळे. विश्वास म्हणून नव्हे. धुळ्याच्या एका शाळेत मी मुलांना सायन्स शिकवतो. त्यामुळे पुढचं लिहिताना हात अडखळतो आहे... तरी लिहितो.

माझी पत्नी यमुना साक्रीकडची, अहिराणी बोलणारी. घरात आली तेव्हापासून आमची मोरी कधी तुंबली नाही. खरकटी भांडी ती आधी तुसाने पुसून घ्यायची, राखेने घासायची ती मागच्या अंगणात. मोरीच्या तोंडाशी घोसाळ्याची वाळकी जाळी बसवलेली असे. तीत अडकलेले केस, शितं रोज काढून टाकायची. संध्याकाळी पापडखार घातलेलं कढत पाणी मोरीत ओतायची. मात्र ओतण्याआधी वाकून हळूच म्हणायची, “सरक वं माय, ऊन पानी शे.”

मी हसायचो. “कोणाला सांगतेस?”

“मोरीमा कोनी ऱ्हास ते. पाय भाजतीन ना त्यास्ना!”

“कोण राहतं?”

“तुमना पुस्तकमा नई शे ते.”

मागून दोन तांबे गार पाणी. ते सगळं पाणी खापराच्या नळीतून भिंतीपलीकडे तिने लावलेल्या केळीच्या आळ्यात जायचं. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी पिण्यापुरतंच. केळ जगायची ती या मोरीवर.

चैत्रात यमुना तापाने गेली.

माझी थोरली बहीण, अक्का, असोद्याहून आली. दुखवट्याची माणसं येत-जात होती. सगळ्यांच्या आंघोळी, ढीगभर भांडी – अक्का ती मोरीतच राखेने घासायची. जाळी कोणीतरी काढून टाकली. मी पाहिलं, पण मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. वैशाख लागता लागता मोरीत तळं साचलं. बांबूची काठी घालून पाहिली. हातभर आत जाऊन अडली. पलीकडे आळं भेगाळलं आणि केळीची पानं दुमडून खाली लोंबली.

गल्लीतले रहीमभाई गवंडी येऊन बघून गेले. “मास्तर, केळीची मुळं नळीत घुसलीत. त्यात राख बसलीय सिमेंटासारखी. केळ काढून नळी नवी घालावी लागेल. सोमवारी येतो.”

अक्काचं सासर केळीच्या बागाइताचं. ती पोग्यावरून, नव्या गुंडाळल्या पानावरून, हात फिरवत म्हणाली, “निसवाले आलेली केय रे ही, नाना! आठ दिवसात कमळ बाहेर पडीन. कापाले जीव व्हत नाही. पन मोरीबिगर घर कसं चालीन?”

त्या केळीला कमळ, म्हणजे केळफूल, येईल तेव्हा पहिली भाजी मला करून घालायची, असं यमुनाने ठरवलं होतं. तिने या घरात लावलेलं, वाढणारं असं तेवढं एकच राहिलं होतं.

रविवारी दुपारी अक्का बाजाराला गेली. घर भर उन्हात निजल्यासारखं होतं. मला वाटलं, एकदा तिच्या रीतीने करून बघावं. पातेलंभर पाणी उकळलं, पापडखार घातला, फडक्याने धरून मोरीशी आलो. तळ्यात कौलातला कवडसा पडून हलत होता. ते शब्द म्हणायचे होते... ओठापर्यंत आलेही. पण बाहेर फुटेनात.

आणि माझ्या मागे, अगदी जवळ, कोणीतरी हळूच म्हणालं –

“सरक वं माय, ऊन पानी शे.”

मी भ्यालो नाही. रोजच्यासारखं बाजूला सरकलो, तिला वाट द्यावी तसा. वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर काहीच दिसलं नसतं, एवढं मला कळत होतं.

मोरीतून एक दीर्घ घोट घेतल्यासारखा आवाज आला. तळं हललं, फिरलं आणि निघून गेलं. ओल्या फरशीवरून वाफ उठत होती. माझ्या हातातलं पातेलं तसंच काठोकाठ भरलेलं होतं.

मागे धावलो. आळं भरत होतं. पाण्यात बोटं घातली – कोमट होतं. तिच्या हातचं यायचं, तेवढंच कोमट.

सोमवारी रहीमभाईंनी बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ गेलं. “मास्तर, मी पाहिली तेव्हा तर ही पक्की तुंबलेली होती!”

“काल सकायपर्यंत तळं व्हतं, मी डोयानं पाह्यलं,” अक्का म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. “काय केलं रे तू?”

“काही नाही,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्याच आठवड्यात केळ निसवली. पहिल्या कमळाची भाजी अक्काने केली.

मुळं आपोआप सुटली असतील, दाबाने राख फुटली असेल, पाणी उन्हाने तापलं असेल. वर्गात मी असंच सांगेन. त्या आवाजाचं आणि वाफेचं काय, ते मला आजही सांगता येत नाही.

आता मोरीला पुन्हा जाळी बसवली आहे; ती मीच धुतो, भांडी अंगणात घासतो. संध्याकाळी पाणी उकळून मोरीशी नेतो आणि ते शब्द म्हणतो. आता ते फुटतात. मग ओतण्याआधी थोडा थांबतो. कोणी असलंच, तर त्याने जाऊ नये. नुसतं जरा बाजूला व्हावं.