लंगड्या गाडीचा भाव

माझ्या डाव्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा किंमत आली ती गाडीच्या शोरूममध्ये. तोवर हा पाय घरात नुसता खर्चात धरला जायचा. लहानपणी पोलिओ झाला, मग पायाला आधाराच्या लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आला, वाढत्या मापाचे बूट आले, नवस आले, कुणीतरी खात्रीने सांगितलेलं तेल आलं. पण अपंगांना गाडीच्या जीएसटीत सवलत मिळते आणि रोड टॅक्स माफ होतो, हे माझ्या धाकट्या भावाला कुठूनसं कळलं, आणि तेव्हापासून तो माझ्या पायाकडे फार आदराने पाहू लागला.

"आक्का, तुझ्या नावावर गाडी घेऊ," तो म्हणाला. "लई सुटतंय."

"आणि चालवणार कोण?"

"मीच की. तुला जायचं आसंल तिथं सोडतो ना."

त्याच्या या 'सोडतो ना'वर माझी अर्धी नोकरी झाली होती. मी देवणीला जनावरांच्या दवाखान्यात क्लार्क आहे आणि राहते निलंग्याला. सकाळी भावाने मोटारसायकलवर एसटी स्टँडपर्यंत सोडायचं, असं घरात ठरलेलं होतं. त्याची झोप झाली नसेल, चहा व्हायचा असेल, मित्राचा फोन आला असेल, तर माझी बस जायची. बस मिळालीच, तर मला उचलून आत ठेवायला मागचे लोक एका पायावर तयार असत. मी माझी माझी चढेपर्यंत थांबायला मात्र कुणालाच वेळ नसे. माणुसकी ही अशी घाईतली असते आपल्याकडे.

गाडी घेतली. फक्त चालवायला मी शिकले, भावाचा हा एक हिशेब चुकला. लातूरच्या एका मेकॅनिकने गिअरच्या शेजारी लोखंडी दांडा बसवून दिला. डाव्या पायाने क्लच दाबायचा, त्याऐवजी डाव्या हाताने हा दांडा ओढायचा आणि त्याच हाताने गिअर टाकायचा. महिनाभर गाडी उड्या मारत चालली. मग चालायला लागली आणि माझी दुनिया बदलली, हे मी जराही न लाजता सांगते. पेट्रोल पंपावरचा माणूस काचेशी वाकून मला "किती?" एवढंच विचारायचा. त्याआधी अनोळखी माणसं मला एकच प्रश्न विचारत आली होती, "कसं झालं हो हे?" गाडीत बसलेल्या बाईला तो प्रश्न सुचत नाही कुणाला.

पाच वर्षं रोज दांडा ओढून डावा खांदा गेला. पायाचं काम हाताने केलं की हात त्याचा वचपा काढतो. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवाल तर हात वर होणार नाही, ऑटोमॅटिक गाडी घ्या. ऑटोमॅटिकला क्लच नसतो, म्हणजे दांडाही नको. सवलतीच्या गाडीला पाच वर्षं झाली की ती विकता येते आणि नवीवर पुन्हा सवलत मिळते. जुनी बऱ्या भावात गेली तर नवी येणार होती. नाही गेली तर भावाच्या मोटारसायकलचं मागचं सीट माझी वाट बघत होतं. ते सीट मला पुन्हा नको होतं, काही झालं तरी नको होतं.

लातूरला रिंग रोडवर जुन्या गाड्यांचा एक डीलर आहे, त्याच्याकडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, टायर पाहिले, माझ्या गाडीची तोंडभरून स्तुती केली. मग आरसी बुक पाहिलं आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

"म्याडम, ही तर हँडिकॅपची गाडी हाय."

"हो. मी पण आहे."

"तसं न्हाई हो. कागदावर तसं लिवलंय ना. गिऱ्हाईक बिचकतं. माफ झालेला टॅक्स भरा, कागद बदलून घ्या, दांडा काढा, लई लफडी." मग त्याने एक आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, गाडीला वाईट वाटेल. सरकारने आम्हाला दिव्यांग म्हणायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली, पण रिंग रोडवर अजून दिव्य काही पोचलेलं नाही.

मी उठू लागले तसा तो घाईने म्हणाला, "थांबा. एक गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. जावयाला द्यायला गाडी पायजे त्येंना. रविवारी येतेत. तुमी सकाळी या, दांडा काढून ठिवू. कागदाचं मी नंतर हळूच सांगतो. आन म्याडम, राग मानू नका, ते आल्यावर तुमी खुर्चीवरनं उठू नका. बाईमाणसाची गाडी म्हणलं की भाव चढतो. बाकीचं कशाला दाखवायचं?"

मला राग आला नाही. मला हे सगळं तोंडपाठ होतं. माझं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हा आई पाहुणे यायच्या आधीच मला पाटावर बसवून ठेवायची. पदर पायावर पसरलेला. चहा वहिनी आणायची, पोहे वहिनी आणायची, पाहुणे जाईपर्यंत मी जागची हलायची नाही. पाहुणे म्हणायचे, मुलगी फार शांत आहे. दोन घरांकडून तर होकारसुद्धा आला. मग गावातल्या कुणीतरी आपलं कर्तव्य बजावलं आणि होकार आला तसा गेला. आता त्याच वधूपरीक्षेला गाडी बसणार होती आणि मला पुन्हा पाट मिळणार होता. मी डीलरला हो म्हणाले. खांदा ठणकत असला की माणूस बऱ्याच गोष्टींना हो म्हणतो.

रविवारी भावाला सोबत घेऊन गेले. मेकॅनिकने दांडा काढून डिकीत ठेवला. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, साडी नीट पायावर घेतली. गिऱ्हाईक आलं. मुलीचे वडील देवणीकडचे शेतकरी, धोतर, टोपी, हातात पिशवी. सोबत नवऱ्या मुलाचा चुलता, पांढऱ्या कडक कपड्यांत. पैसे देणारे वडील, आणि पसंत करणारा चुलता. मुलीच्या बापाला आपल्याकडे एवढे अधिकार असतात.

चुलत्याने म्युझिक सिस्टिम लावून पाहिली. वडील मात्र गाडीभोवती फेरी मारून, वाकून, हात फिरवून पाहत होते. जनावर असंच बघतात. ते आमच्या दवाखान्यात कधी आले असतील तर मला आठवत नव्हतं, पण ही नजर मी रोज पाहते. शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, गाडी चांगली हाय. खोड काय हाय?"

"खोड न्हाई, काका, एकदम क्लीन हाय," डीलर मध्येच म्हणाला.

"तुमाला न्हाई, मालकिणीला इच्यारतोय."

ज्यांना आमच्याकडचा बैलबाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बैल विकताना मालकाने त्याची खोड आधी सांगायची असते. मारका असेल, औताला जुंपल्यावर खाली बसत असेल, रात्री दावं तोडत असेल, जे असेल ते. सांगून विकलं की पुढे घेणाऱ्याचं नशीब. लपवून विकलं तर घेणारा बैल परत आणून दारात बांधतो, आणि त्या माणसाकडून पुन्हा कुणी जनावर घेत नाही. यावरून झालेली भांडणं मी दवाखान्याच्या ओट्यावर डोळ्यांनी पाहिली आहेत. देवणी जातीच्या बैलाइतकी किंमत माझ्या गाडीला कुणी प्रथमच देत होतं. डीलर मला डोळ्यांनी खुर्चीवर दाबत होता. भाऊ गाडीच्या टपाकडे बघत होता.

मी उठले. कॅलिपरचा खटका वाजला. चालत गाडीपर्यंत गेले, नेहमी जाते तशी, कंबर एका बाजूला टाकत. डिकी उघडून दांडा दाखवला.

"ही खोड," मी म्हणाले. "गाडी अपंगाच्या नावावर आहे, कागदावर तसं लिहिलंय. टॅक्स माफ झालेला आहे. पाच वर्षं मी हाताने क्लच ओढून चालवली. बाकी काही नाही."

"बरं झालं सांगितलंत," वडील म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. "ही काय खोड न्हाई. कागद बदलून घ्या, मंग घेतो मी."

पण चुलता दोन पावलं मागे सरकला होता. "आमचं पोरगं धडधाकट हाय," तो म्हणाला. "त्याच्या वरातीत लंगड्या बाईची गाडी? लोक त्वांडात शेण घालतील आमच्या."

"एवढा धडधाकट आहे," मी म्हणाले, "तर सासऱ्याच्या जिवावर कशाला, स्वतःच्या कमाईची घेऊ द्या की."

वडिलांनी खाली पाहिलं. त्यांच्या ओठांवर हसू आलं होतं का, हे मला सांगता येणार नाही. चुलता गाडीत जाऊन बसला, त्याच्या स्वतःच्या. वडील मला नमस्कार करून त्याच्या मागे गेले. डीलर म्हणाला, "म्याडम, धंदा असा करत न्हाईत," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मेकॅनिक दांडा काढून केव्हाच जेवायला गेला होता, म्हणून परतीला गाडी भावाने घेतली.

औशाला तो चहा सांगायला उतरला. गाडी चालूच ठेवून गेला. का कोण जाणे, मी सरकून सरकून त्याच्या सीटवर गेले. हात सवयीने गिअरच्या शेजारी गेला आणि तिथे नुसती दोन भोकं लागली. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला. तो तिथे पडून राहिला. इंजिन चालू, टाकी भरलेली, समोर रस्ता मोकळा, गाडी माझ्या नावावर. आणि मला ती चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा नेता येत नव्हती. गाडी आता बाजाराच्या दृष्टीने अगदी धडधाकट झाली होती. तिच्यात बसून मी पाच वर्षांत पहिल्यांदा अपंग झाले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

भाऊ दोन कप घेऊन आला. मला त्या सीटवर बघून थोडा थांबला, मग खिडकीशी वाकून प्रेमाने म्हणाला, "आक्का, कशाला इकायची? माझ्या नावावर कर. घरातल्या घरात ऱ्हाईल. मला काय खोड-बिड बघायची न्हाई."

मी चहा घेतला, सगळा प्यायले, आणि शेजारच्या सीटवर सरकले.

"गाडी लातूरला फिरव."

"आता? कशाला?"

"दांडा बसवायला."

"आगं, भाव पडंल ना परत!"

"पडू दे. ज्याला पाहिजे त्याने खोडीसकट घ्यावी. नव्या गाडीला कर्ज जास्त काढीन, फेडीन."

तो फार कुरकुरला, पण फिरला. मेकॅनिकने बोल्ट आवळले, दांडा दोनदा ओढून पाहिला आणि चावी भावाच्या हातात द्यायला निघाला. मी मध्येच हात पुढे केला. औसा मागे पडलं तेव्हा खांद्यातून कळा येत होत्या, भाऊ शेजारी तोंड फुगवून बसला होता, आणि प्रत्येक चढाला मी दांडा ओढून गिअर बदलत होते, कुणालाही न विचारता.