इशरतच्या उशाची फळी

नझीर मुकादमाच्या कारखान्यात पलंगासाठी हेडबोर्ड घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिल्याच खेपेला हेडबोर्ड घेऊन परतलंय, असं तळवलीत कुणी पाहिलं नव्हतं. नझीर त्याला उशाची फळी म्हणायचा आणि आधी गिऱ्हाइकाचीच उलटतपासणी घ्यायचा.

"डोक्याला तेल लावता का?" हा पहिला प्रश्न. बेलापूरच्या ऑफिसांतले साहेबलोक यावर चपापायचे. "लाजता कशाला? तेल लावत असाल तर कापडाची गादी नको, लाकूडच घ्या. पॉलिश पन दोन हात जास्त मारायला लागेल." मग भिंत कुठली, बाथरूमला लागून की बाहेरची? नव्या बिल्डिंगी आतून घाम गाळतात, तेव्हा भिंत आणि फळी यांत दोन बोटं जागा हवी. झोपून वाचता की बसून? बसून म्हटलं, की तो गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचा, पाठीशी एक कोरी फळी उभी करायचा आणि चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत माणूस सैलावतो आणि मान जिथे टेकायची तिथे आपसूक टेकते. तिथे पेन्सिलीची खूण. कुणी नक्षी मागितली तर म्हणायचा, "जरूर करतो. पन मग त्या फटींत राहनाऱ्या ढेकनांकडून भाडं घ्या."

सिडकोच्या खोलीत दार, खिडकी आणि कपाट यांनी तीन भिंती खाल्लेल्या असायच्या. उत्तरेला उशी नको म्हणणारे आणि पश्चिमेकडे पाय नको म्हणणारे, दोघांनाही तो राहिलेली एक भिंत शोधून द्यायचा. माणूस तसा तिरसट, पण कामात खोट नाही.

त्याचा बाप मुरुडकडे होड्यांच्या फळ्या बसवायचा. त्याने मुलाला हत्यारांबरोबर एक नियम दिला होता. पलंगाचं लाकूड पुन्हा पलंगाला लावायचं नाही. त्याचं कपाट कर, दार कर, पाट कर. माणूस ज्यावर झोपला, आजारला, गेला, ते लाकूड दुसऱ्याच्या उशाशी द्यायचं नाही. नझीरने हा नियम सत्तावीस वर्षं पाळला आणि एकदाच मोडला.

त्याची बायको इशरत दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. कारखान्याच्या मागच्याच खोलीत त्यांचं घर. छातीचं दुखणं, आवाज पार बसलेला. त्यात इकडे करवतीचं मशीन. हाक ऐकू यायची नाही म्हणून नझीरनेच तिला शिकवलं होतं: मशीन थांबलं की बोटाच्या पेराने उशाच्या फळीवर तीनदा वाजव. सागवानाची एकसंध, बिनगाठीची फळी ती. लग्नाच्या वर्षी त्याने स्वतः रंधा मारून केलेली. टकटक झाली की तो हातातलं टाकून जायचा. बहुतेक वेळा तिला पाणीच हवं असायचं.

त्र्याण्णव साली एका दुपारी चारच्या सुमाराला टकटक झाली तेव्हा नझीरने एका टेबलाच्या जोडाला सरस लावला होता. जोड दाबून शिकंज्यात आवळला नाही तर सरस वाळतो आणि सगळं काम वाया जातं. "आलो, आलो," असं ओरडून तो शिकंजा आवळत बसला. दहा मिनिटं, फार तर बारा. तो पाणी घेऊन आत गेला तेव्हा इशरत गेलेली होती. हात उशाकडे वर उचललेला, पेरं फळीला टेकलेली.

ते टेबल त्याने विकलं. अजून कुठेतरी ठणठणीत असेल, जोडाला जोड चिकटून. लोकांनी समजूत घातली, तुझ्या पाण्याने ती जगली असती का? नझीरलाही ते कळत होतं. पण पाणी न पिता गेली, हे काही त्याच्या मनातून जाईना.

तिचे कपडे, भांडी गरजूंना दिली. फळी मात्र देववेना, जाळवेना, आणि तिचे तुकडे करायला हात धजेना. गोणपाटात गुंडाळून ती कारखान्याच्या कोपऱ्यात चार वर्षं उभी होती. चार वाजले की नझीर मशीन बंद करायचा. कामगारांना वाटायचं चहासाठी. तो कान देऊन बसायचा. फळी कधी वाजली नाही.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात बेलापूरच्या सरकारी ऑफिसातला सुधीर आपल्या बायकोला, सुचित्राला घेऊन आला. तिला पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत जास्तीत जास्त पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून टेकायला बरी फळी हवी होती. नझीरची प्रश्नावली चालू असतानाच तिने कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं, शेजारच्या स्टुलावर बसली, त्या फळीला मान टेकली आणि डोळे मिटले.

"हीच द्या," ती म्हणाली.

"ती विकायची नाय, वहिनी."

"का? कुणाची आहे?"

इथे नझीर खोटं बोलला. "जुन्या दाराची हाय," म्हणाला. सुचित्राने डोळे उघडलेच नाहीत. इतकं शांत टेकलेलं माणूस त्या फळीपाशी त्याने फार दिवसांनी पाहिलं होतं. त्याच्या मनात आलं, कोपऱ्यात कुजण्यापेक्षा एका पोटुशीच्या पाठीला आधार होऊ दे. बापाचा नियम आठवला, आणि त्याने तो गिळला.

फळीवर इशरतच्या डोक्याचा तेलकट डाग होता, तळहाताएवढा, मधल्या भागाच्या जरा डावीकडे. तो त्याने रंध्याने काढला, वर तीन हात पॉलिश मारलं आणि स्वतः जाऊन फळी बसवून आला. बिल्डिंग नवी होती. चार मजले, सोळा फ्लॅट आणि राहती कुटुंबं तीन. बाकी सगळ्या दारांना कुलपं. जिन्यात आपल्याच चपलांचा आवाज मागून येत होता.

फेब्रुवारीत सुधीर एकटाच आला. "नझीरभाई, डाग उमटलाय. पॉलिशच्या आतून. आमच्याकडे कुणी तेल लावत नाही हो."

"कुठं?"

"डावीकडे. सुचित्राचं डोकं टेकतं त्याच्यापेक्षा चार बोटं खाली."

इशरत बुटकी होती.  लाकडात मुरलेलं तेल हवा बदलली की वर येतं, हे नझीरला ठाऊक होतं, आणि तेच त्याने सुधीरला समजावून सांगितलं. सुधीर जायला निघाला, दारात थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आणि ती वाजते."

"काय वाजते?"

"फळी. मी नाही ऐकलं, मी ऑफिसात असतो. सुचित्रा सांगते, दुपारी चारला तीनदा टकटक होते. मागची भिंत बाहेरची आहे, तिकडे नुसतं मैदान. मला टेन्शन आलंय हो. तुम्ही ती फळी घेऊन जा. दुसरी द्या."

नझीर घाबरला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मत्सर मोठा होता. चार वर्षं तो रोज कान देऊन बसला त्याला काही नाही, आणि हाक ऐकत होती भलतीच बाई. आपली फळी कुणाच्या घरात गेली, हे इशरतला तरी कसं कळणार? आपणच तिला विकलं. फळी परत आणायची, तिच्या खोलीत, तिच्या जागी उभी करायची आणि शेजारी तांब्या भरून बसायचं, एवढं त्याच्या डोक्यात राहिलं. "शनिवारी येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या शनिवारी सुधीरला सुट्टी होती. नझीर टेम्पो घेऊन आला तेव्हा चार वाजत आले होते. सुचित्रा पलंगावर फळीला टेकून झोपली होती, दोन्ही हात पोटावर. आता सातवा लागला होता. "दुपारची जराशी झोपते," सुधीर कुजबुजला. "तुम्ही थांबा, मी खाली टेम्पो नीट लावून घेतो. गेटपाशी खड्डा आहे."

तो खाली गेला. नझीर पेचकस हातात घेऊन खोलीच्या उंबरठ्यात उभा राहिला. डाग त्याला तिथूनही दिसला. सुचित्राच्या मानेशी, तळहाताएवढा. पंखा बंद होता. खालून टेम्पोचा आवाज यायला हवा होता, तोही येईना. इतकी बिल्डिंग रिकामी, पण त्याला वाटलं की प्रत्येक कुलपाआड कुणीतरी श्वास धरून उभं आहे.

टक. टक. टक.

सुचित्राचे दोन्ही हात पोटावर होते. नझीर त्यांच्याकडेच बघत होता. एक बोट हललं नाही.

ही फळी आपण खोलायला आलो, घेऊन जायला आलो, हे त्याला आठवलंच नाही. पेचकस हातातून खाली पडला. "आलो," एवढंच तो म्हणाला आणि परक्याच्या स्वयंपाकघरात धावला. माठ ओट्याच्या कडेला होता. पेला भरताना निम्मं पाणी त्याच्या मनगटावर सांडलं. त्याने पुन्हा भरला. धावतच परत आला.

सुचित्रा जागी झाली होती. अर्धवट झोपेत तिने हात पुढे केला, पेला घेतला आणि एका दमात घटाघटा रिकामा केला. पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळलं. मग ती दचकून सावरून बसली.

"नझीरभाई? तुम्ही कधी आलात?" तिने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. "मला तहान लागलीय हे तुम्हाला कसं कळलं?"

  नझीरने तिच्या हातातला पेला घेतला.

"ती फळी दाराची नव्हती, वहिनी," तो म्हणाला. "माझ्या बायकोची होती. ती पानी मागत गेली आनि मी आलो नाय. हितं ऱ्हाऊ दे की नको, तुमी सांगा."

 सुचित्रा मागे सरकली आणि जरा बाजूला सरून डाग मोकळा ठेवून टेकली, जशी बाकावर दुसऱ्या बाईला जागा करून देतात तशी.

"राहू दे," ती म्हणाली. "पण अजून थोडं पाणी आणा."

नझीर स्वयंपाकघरात गेला. जिन्यात सुधीरची पावलं वाजत होती. त्याने नळ मोठा सोडला आणि पेला विसळण्याच्या निमित्ताने, चार वर्षांत पहिल्यांदा, पोटभर रडून घेतलं.