अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

लोकप्रशासन संघटनेच्या आमच्या धुळे शाखेचे अध्यक्ष निवृत्त उपजिल्हाधिकारी आहेत. मी सचिव. हजेरीपटावर पहिली सही तेच करतात, हिरव्या शाईने. ते निवृत्त झाले, शाई झाली नाही. मग अकरा सदस्य जमले नाहीत हे पाहून समाधानाने म्हणतात, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी." तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि तिच्यात ऐनवेळचे विषय घेता येत नाहीत. सुशासनावर ठराव होतो, कचोरी खाऊन आम्ही घरी जातो.

गेल्या सभेला मात्र नेमके अकरा जण आले. त्यांत शिंदखेड्याकडच्या एक तलाठी होत्या. वाळूचा ट्रॅक्टर अडवला म्हणून त्या निलंबित झाल्या होत्या. सोमवारी चौकशी होती आणि त्यांना शाखेचे पाठिंब्याचे पत्र हवे होते, म्हणजे ऐनवेळचा विषय.

"नाना, आज बठ्ठा शेतस," सगळे आले आहेत हे पाहून त्या अध्यक्षांना हसून म्हणाल्या.

नानांनी तीनदा डोकी मोजली. न वाजलेला फोन कानाला लावून ते व्हरांड्यात गेले आणि तिथूनच म्हणाले, "आत दहाच आहेत. सभा तहकूब."

तलाठीबाई अर्जाची घडी घालू लागल्या. मी हजेरीपट घेऊन दारात गेले.

"नाना, ही पहिली सही कुणाची?"

ते आत आले. पत्र मंजूर झाले. त्यावर त्यांनी सहीही केली, पण माझे निळे पेन मागून, आणि इतकी बारीक की ती कुणाची हे मलाच सांगावे लागते.