समुद्र नाय, नदी

आधीच सांगते, मी अशातली नाही. आमच्या लालबागच्या नाक्यावर कोणी उतारा ठेवला तर "लिंबू चांगलं रसरशीत आहे, सरबत होईल" म्हणणारी मी. आई अजून त्यावरून शिव्या घालते. परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, नमुने तपासते. जे काचेखाली दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही… असा माझा सरळ हिशोब. त्यामुळे हे लिहितानाही थोडी लाज वाटतेय. पण लिहिते.

आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो — आई, मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू. नंद्याला दोन वर्षांपूर्वी सर्फिंगचं वेड लागलं. आधी समुद्रावर शिकला, मग म्हणे नदीवर करायचंय. मी म्हटलं, "नदीला कुठे लाटा असतात रे, येड्या?"

तर त्याने मला मोरीतल्या नळापाशी नेलं. नळ सोडला आणि खाली ताट तिरकं धरलं. पाणी ताटावरून घसरत खाली आलं आणि एका जागी उसळून तिथेच उभं राहिलं. "ही बघ लाट. समुद्रात लाट पळते, इथे लाट जागेवर आणि पाणी पळतं. धरणाचं पाणी सोडलं की खडकावर अशीच उठते. आपण बोर्डवर उभं राहायचं, तोंड वरच्या बाजूला. कुठेही जायचं नाही, पडायचं नाही, बस."

"आणि पडलास तर?"

"तर पोहायचं. तू ना ताई, फुकट टेन्शन घेते."

कोलाडच्या बाजूला मित्रांबरोबर जायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी बॅग खांद्याला लावून हा दारात, आणि आईचा हट्ट — गाराणं घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. आम्ही मालवणकडचे. काहीही नवं करायचं तर देवापुढे नारळ ठेवून घरातल्या मोठ्याने देवाला सगळं रीतसर सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे काम आमच्या काकांचं. पण ते गावाला, फोन लागेना. आई म्हणाली, "मगे तू घाल. पोरांत तू मोठी."

मला हसूच येत होतं. तरी हात जोडले आणि काकांचा आवाज काढून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज तुझा लेकरू समुद्राच्या लाटेर खेळाक जाता हा, तेची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

नंद्या फिसकन हसला. "ताई, समुद्र नाही गं, नदी!"

"लाट म्हटलं की समुद्रच येतो तोंडात. देवाला कळतं रे सगळं." मी त्याला दाराबाहेर ढकलला. पण आईचा चेहरा उतरला. "देवाक जा सांगशीत, ताच तो आयकता. तू समुद्र सांगलंस. आता तो जावन बसतलो समुद्रार!"

मी एवढी हसले की पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आई सकाळीच भायखळ्याला मावशीकडे गेली. मला सुट्टी होती. पोहे खाल्ले, कपडे मशीनला लावले, आणि कोलंबी साफ करायला ओट्यापाशी उभी राहिले. अकरा वाजून गेले असतील. लख्ख ऊन, खालच्या फ्लायओव्हरवर गाड्यांचा नेहमीचा आवाज.

आणि ती चूक मला टोचायला लागली. घाबरून नाही हां. आमच्या लॅबमध्ये नळीवर चुकीचं लेबल लागलं तर मला चैन पडत नाही, तशी. म्हटलं, आपणच चुकीचं बोललोय ना, मग दुरुस्त करून टाकावं, आपलं काय जातंय. ओलेच हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, या वेळी काकांचा आवाज न काढता —

"म्हाराजा, माझी चूक झाली. समुद्र नाय, नदी. लेकरू नदीत असा. थंयसर तेची राखण कर रे म्हाराजा…"

आणि सवयीने थांबले. उत्तर आल्याशिवाय गाराणं पुरं होत नाही ना. मग लक्षात आलं, घरात मी एकटीच.

"व्हय म्हाराजा!"

माझ्या मागून, हॉलमधून. आठ-दहा माणसं एकदम म्हणतात तसं — बायका, पुरुष, एखादा खोकरा म्हातारा आवाज. मोठ्याने, पण भीती वाटेल असं नव्हतं. घरात गणपती असला की येतो तसा, भरल्या घरातून. मी वळून पाहिलं. हॉल रिकामा. टीव्ही बंद. दाराला आतून कडी. शेजारचे तर आठवडाभर बाहेरगावी. मशीन तेवढी फिरत होती.

मी खुर्चीवर बसले. खरं सांगते, मला रडू आलं. का, ते माहीत नाही.

थोड्या वेळाने नंद्याचा फोन आला. दम लागलेला. "ताई… वाचलो गं."

सर्फिंगचा बोर्ड हातचा जाऊ नये म्हणून एक दोरी असते. समुद्रात ती पट्ट्याने घोट्याला बांधतात. नदीत तसं करायचं नसतं, कमरेला झटक्यात सुटणारा पट्टा लावायचा असतो. कारण खाली खडक. ह्या शहाण्याने सवयीने घोट्यालाच बांधली. पडला, दोरी खडकात अडकली, आणि वरून पाण्याचा लोंढा. घोट्यापर्यंत हात पोचेना. मित्र काठावरून ओरडत होते, पण जवळ जाता येईना.

"मग सुटलास कसा?"

"माहीत नाही. पाय एकदम मोकळा झाला. मित्रांनी नंतर बोर्ड काढला, तर घोट्याचा पट्टा जसाच्या तसा. बंद. घट्ट. आणि माझ्या टाचेला ओरखडासुद्धा नाही."

मी म्हटलं, ओला पाय, निसटला असेल. माझं डोकं तेच म्हणणार. मी त्याला माझ्याकडचं काहीच सांगितलं नव्हतं. मग त्याने हळूच विचारलं, "ताई, आज घरी कोण कोण आलंय गं?"

"का रे?"

"खाली पाण्यात… मला वाटलं, सगळे जमलेत. गाराणं चाललंय. एकदम व्हय म्हाराजा म्हणाले, आणि पाय सुटला."

"कोणाचा आवाज होता?"

"ओळखीचा एकही नव्हता. पण आपलीच माणसं होती."

मी आमच्या लॅबमधल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, श्वास कोंडला की मेंदू असे आवाज ऐकवतो. पटतं मला, नंद्यापुरतं पटतं. पण माझा श्वास कोंडला नव्हता हो. मी लालबागला, ओट्यापाशी, कोलंबी साफ करत होते. आई म्हणते, ह्याचं उत्तर शोधू नको.