घास संपेपर्यंत

माझी वहिनी बसल्या जागी हरवते. लॅपटॉप उघडा, बोटं कीबोर्डवर आणि नजर समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांच्याही पलीकडे कुठेतरी. दूध उतू गेलं की आधी तिला वास येतो, मग आठवतं की गॅस आपणच लावला होता. मी ओरडते. माझा आवाजच तसा आहे. दादा मला लहानपणापासून लवंगी म्हणतो आणि आता सगळं घर तेच म्हणतं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा वहिनीने नोकरी सोडली. आईला एकेक घास गिळायला फार वेळ लागायचा. मी पडले घाईची. ताट उचलायला पुढे झाले की वहिनी नुसता हात आडवा धरायची. "थांब गं. घास संपू दे." दुपारच्या पिवळ्या उजेडात ती तशीच चमचा घेऊन बसायची, आणि आईचा डोळा लागला की लॅपटॉप ओढून काहीबाही लिहायची.

आई गेल्यावर मी विचारलं, काय लिहीत होतीस एवढं?

"कॉम्प्युटरवर चालणारं एक मोफत अवजार आहे," ती म्हणाली. "नवा प्रोग्राम उचलून चालू सर्व्हरवर नेऊन बसवतं. जगभरातले लोक मिळून ते सांभाळतात. त्याला जोडायचे छोटे तुकडे कुणीही लिहावेत, त्यांना प्लगिन म्हणतात. आता बघ, नवा प्रोग्राम आला की जुना खटकन बंद होतो. कुणाचं काम अर्धं असेल तर गेलंच. माझं प्लगिन जुन्याला धरून ठेवतं, त्या माणसाचं काम संपेपर्यंत."

"म्हणजे आईचं ताट," मी म्हणाले.

तिने लॅपटॉप अलगद मिटला.

पण ते प्लगिन कुणी म्हणजे कुणी वापरलं नाही. वहिनी मुळात अबोल, ती आणखीच मिटत गेली. एका सकाळी म्हणाली, "काढून टाकते ते. कुणाला नकोच आहे. एवढ्या दिवसांत एकच गोष्ट केली मी, तीही कुणाच्या उपयोगाची नाही. आता कुठल्या तोंडाने काम मागायला जाऊ?"

मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच खेकसले आणि कामावर निघून गेले.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. त्या दिवशी एका बाईंची सगळी माहिती भरत आणली आणि स्क्रीन पांढरी फटक. नवा प्रोग्राम आला होता. बाई माझ्यावर उखडल्या, मी आमच्या कॉम्प्युटरवाल्यावर. त्यानेही हात टेकले. "मॅडम, काम पुरं होईपर्यंत थांबणारं प्लगिन मीसुद्धा शोधतोय. त्या अवजाराच्या प्लगिनच्या यादीचं पान पालथं घातलं. नाहीच तिथे."

मी त्याला अवजाराचं नाव विचारलं आणि तीनताड उडाले. तेच ते!

संध्याकाळी चपला न काढताच वहिनीसमोर उभी राहिले. मग कळलं की त्या पानावर यायला प्लगिनला एक ठरावीक खूण लावावी लागते, आणि हिने ती लावलीच नव्हती.

"मला वाटलं, ते पान मोठमोठ्या लोकांचं असेल."

"धन्य आहे! दुकान थाटलंस आणि शटर खालीच?"

तिने खूण लावली. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉम्प्युटरवाल्याला प्लगिन सापडलं, पण तोंड पाडून परत आला. माहितीच्या पानावर एकच वाक्य होतं: नेहमीसारखं जोडून घ्या. "नेहमीसारखं म्हणजे कसं, मॅडम?"

रविवारी ते माहितीचं पान नीट लिहायला मी वहिनीला बसवलं. ती लिहायची, मी वाचून करून बघायचे आणि दर पायरीला अडायचे.

"ही फाईल ठेवायची कुठे?"

"तिथेच असते ना ती."

"तिथेच म्हणजे? तुझ्या डोक्यात?"

ती हसली. किती दिवसांनी हसली! उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीवर चढला, चहा दोनदा निवला, आणि आम्ही दोघी कुठल्यातरी तिसऱ्याच घरात बसल्यासारख्या, अगदी हळू, कुणाला तरी भरवावं तशा एकेक ओळ लिहीत होतो. ते काय करतं, कुठे ठेवायचं, चालू आहे हे कसं ओळखायचं, नको असेल तर काढायचं कसं. सगळ्यात वर तिने लिहिलं: समोरचा जेवत असताना त्याचं ताट उचलू नका. अवजार सांभाळणाऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी आपल्या पहिल्याच पानावर तिच्या प्लगिनचा पत्ता दिला.

आमच्या कॉम्प्युटरवाल्यानेही ते वाचून प्लगिन जोडून घेतलं. मग एका दुपारी काउंटरवर एक आजीबाई आल्या. पत्ता सांगून झाला, पण लेकीचा फोन नंबर काही केल्या आठवेना. तेवढ्यात कॉम्प्युटरवाला काचेआडून म्हणाला, "नवा प्रोग्राम सोडलाय."

आजीबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. एक आकडा आठवायचा, मग थांबायच्या. मागची रांग चुळबुळायला लागली. मी हात आडवा धरला. "थांबा हो जरा." स्क्रीन तशीच होती, एक अक्षर हललं नव्हतं. शेवटचा आकडा आला, मी बटण दाबलं, आणि मगच रंग बदलून नवा प्रोग्राम समोर आला.

मी तिथूनच वहिनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"किती वेळ थांबलं गं ते?" तिने विचारलं.

"त्यांना लागला तेवढा."

मग वहिनी रडली, आणि मीही रडले, काउंटरवर, सगळ्यांदेखत.