चाळिसावं घर

"तळाक हात घातलंस काय गो?" असं विचारून काकी उजव्या हाताची बोटं हवेतल्याच एखाद्या टोपलीत खुपसल्यासारखी खाली न्यायची. सरांनी फळ्यावर कुठलाही आकडा लिहिला, की माझ्या कानाशी हा प्रश्न ठरलेला.

वर्गात आम्ही सगळे अठरा-एकोणीस वर्षांचे आणि ही सत्तेचाळीसची. सकाळी मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि कसालला एसटी बदलून दुपारपर्यंत ओरोसच्या कॉलेजात पोचायची. पहिल्या दिवशी तिच्या शेजारी कुणी बसेना. मी बसले, तेही उशिरा आल्यामुळे. तुमच्याही वर्गात अशी एखादी थोराड विद्यार्थिनी असेल, तर पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पंधरा दिवसांत सगळा वर्ग तिचीच वही मागू लागला.

तिला पदवी हवी होती, त्याचं कारण साधं होतं. गुडघे गेले होते, बाजारात दिवसभर बसवत नव्हतं. गावच्या मच्छीमार सोसायटीत लिहिणाऱ्याची जागा निघणार होती आणि तिथे पदवीधर हवा होता. बाकीचे विषय तिने बाहेरून परीक्षा देऊन सोडवले होते. संख्याशास्त्र मात्र दोनदा आडवं आलं, म्हणून ती वर्गात येऊन बसू लागली.

सर नमुना कसा निवडायचा ते शिकवत होते, तेव्हा ती खुदकन हसली. सरांनी कारण विचारलं. मोठे बांगडे वर आणि बारके खाली, अशा टोपल्या तिने वीस वर्षं रचल्या होत्या. वरचे चार मासे बघून दर ठरवणारं गिऱ्हाईक कसं फसतं, ते तिने काहीही न लपवता सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांनी तोच दाखला शेजारच्या वर्गात स्वतःचा म्हणून दिला.

प्रकल्पाला जोडी तिची नि माझी. तिच्या गावातल्या होडीवाल्यांपैकी चाळीस जण चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि आठवड्यातले किती दिवस समुद्रात जाता, ते विचारायचं. चिठ्ठ्या मासळीच्या टोपलीतच टाकल्या. काढताना तिने अर्थातच तळापर्यंत ढवळल्या. एक घर बंद होतं, तेव्हा मी म्हटलं, शेजारी विचारू या.

"ज्येचा नाव चिठयेत इला, त्येकाच इचारूचा," ती म्हणाली. सरांच्या नियमाप्रमाणे त्या घरी आम्ही तीनदा गेलो.

चाळिसावी चिठ्ठी तिच्याच नवऱ्याच्या नावाची निघाली.

काका ओटीवर बसले होते. हाताला कंप सुटल्यापासून दोन वर्षं त्यांनी होडीत पाय ठेवला नव्हता. रोज पहाटे मात्र किनाऱ्यावर जायचे, आपल्या होडीपाशी बसायचे आणि उन्हं चढली की परत यायचे. गावाला हे माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. काकीने चष्मा लावला, फॉर्म मांडीवर घेतला आणि थेट कचेरीतल्या मराठीत विचारलं, "आपण आठवड्यातले किती दिवस समुद्रात जाता?" मला हसू आवरेना.

"सहा," काका म्हणाले.

माझं हसू तिथेच थांबलं. काकीने पेन टोपणात घातलं, फॉर्म मिटला आणि चहा ठेवायला आत गेली.

बसस्टॉपपर्यंत ती सोडायला आली, तेव्हा मी तिला म्हटलं, सहा लिही नाहीतर शून्य लिही, कोण बघायला येणार आहे?

"सहा लिवूचा तर खोटा," ती म्हणाली. "आणि शून्य त्येंनी सांगूक नाय."

तिने त्या फॉर्मवर 'प्रतिसाद नाही' एवढंच लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच उचलला. फॉर्मवर एकच भेट नोंदलेली बघून, नियमाप्रमाणे त्या घरी तीनदा का गेला नाहीत, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच टेबलाखाली तिने माझा हात दाबला. दोघींचेही गुण कापले गेले. मला उरलेले पुरले. ती दोन गुणांनी राहिली. पुढच्या वर्षी पास झाली, पण तोवर सोसायटीतली जागा भरली होती. ती बाजारातच बसत राहिली. मला तिचा फार राग आला होता. आता त्या रागाची लाज वाटते.

हल्ली मी ओरोसलाच एका कार्यालयात लोकांनी भरलेले फॉर्म तपासते. काकी गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. भेटायला गेले तेव्हा काका ओटीवर त्याच जागी होते. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरत होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "त्या कागदार माझे किती दिवस लिवल्यान तिना?"

"सहा," मी म्हणाले.

"नाय गो. ती तसा लिवची नाय."

मग मी खरं सांगितलं, की तिने आकड्याची जागा कोरी ठेवली होती. त्यापायी काय झालं, ते मात्र मला सांगवलं नाही. काकांनी भिंतीशी पालथ्या घातलेल्या तिच्या टोपलीकडे बघितलं.

"आता लिव," ते म्हणाले. "शून्य."